पीकेव्हीमधला 'पी'

लहानपणी आमच्या घरात तीन नावं सतत कानावर पडायची. पहिलं पीकेव्ही. बाबा अकोल्याला निघाले की 'पीकेव्हीत जाऊन येतो' म्हणायचे. तुरीचं बियाणं पीकेव्हीचं असायचं. गावातल्या एका काकूंच्या बचत गटाकडे डाळ भरडायची मशीन होती, तिलाही सगळे 'पीकेव्हीची मिनी डाळ मिल' म्हणायचे. दुसरं नाव भाऊसाहेब. हे आजोबांचं खास. त्यांच्या खोलीत गाडगेबाबांच्या शेजारी एका गृहस्थांचा फोटो होता आणि आजोबा त्यांच्याबद्दल घरातल्या मोठ्या माणसासारखं बोलायचे. तिसरं नाव पंजाबराव देशमुख. हे नाव शाळेतल्या सामान्यज्ञान स्पर्धेचं. भारताचे पहिले कृषिमंत्री कोण? पंजाबराव देशमुख. दोन गुण.

ही तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत, हे मला बारावीत कळलं. तोवर पीकेव्हीमधला 'पी' म्हणजे 'प्रगत' असावा, अशी माझी पक्की समजूत होती. हसा खुशाल. पण अकोल्यात कुठल्याही ऑटोवाल्याला विचारा, पीकेव्हीला तो डोळे मिटून नेईल. त्यातला पी कोण, असं विचारा आणि मग त्याचा चेहरा बघा.

पुढे मी अकोल्याजवळच्या बाभुळगावच्या कॉलेजातून इंजिनीअर झालो. कॉलेज शिवाजी शिक्षण संस्थेचं, म्हणजे पंजाबरावांनी काढलेल्या संस्थेचं. पदवीवर नाव संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचं. म्हणजे आजोबांच्या भिंतीवरचे दोन्ही फोटो माझ्या डिग्रीत एकत्र आले. मी ती डिग्री फाइलमध्ये घातली, पुण्याला गेलो आणि दोघांनाही विसरलो.

*

मागच्या जुलैत एका रात्री बाबांचा फोन आला. बाबा फोनवर पाऊस, जेवण आणि 'बरं ठेवतो' एवढंच बोलतात. त्या दिवशी पाऊस झाला, जेवण झालं, आणि त्यांनी फोन ठेवला नाही.

"मले आता होत नाई बाप्पा. गुडघे गेले. तू काई येनार नाईस. तुह्या ताईचं लग्न होऊन गेलं. इकून टाकू काय वावर? रोडजवळचं हाय, भाव चांगला भेटते."

आमचं वावर मूर्तिजापूर तालुक्यात आहे, पाच एकर. अमरावती-अकोला हायवेपासून फार लांब नाही. २०२२च्या जूनमध्ये याच हायवेवर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झालं, तेव्हा गावातली पोरं ते बघायला रात्रीची जात होती. त्यानंतर गाडी थांबवून "हे कोनाचं वावर?" विचारणारे लोक वाढले.

मी "बघू" म्हणालो. बाबांसमोर मी सगळ्याच अवघड प्रश्नांना "बघू" म्हणतो.

त्याच आठवड्यात दुसरी एक गोष्ट झाली. आमच्या टीममध्ये अथेन्सची एक मुलगी आहे. बिल्ड अडकलं होतं, दोघंही कॉलवर वाट बघत बसलो होतो आणि विषय निघाला कॉलेजचा. तिच्या विद्यापीठाच्या नावात कापोडिस्ट्रियास हे नाव आहे. मी विचारलं, हे कोण? तर ती म्हणाली, आमचा बटाटेवाला.

मग तिनं सांगितलं. योआनिस कापोडिस्ट्रियास, जन्म १७७६, कॉर्फू बेटावर. इटलीत पाडुआला वैद्यक शिकला, रशियाच्या झारकडे नोकरी करत थेट परराष्ट्रमंत्री झाला. ग्रीस तुर्कांशी लढत होता तेव्हा लोकांनी त्याला देश चालवायला बोलावलं. १८२८मध्ये तो आला तेव्हा तिजोरी रिकामी, गावं जळालेली, अनाथ पोरं रस्त्यावर. त्यानं नवं नाणं पाडलं, अनाथांसाठी आश्रम काढला, शेतीची शाळा काढली आणि बटाटा आणला. लोक बटाट्याला हात लावेनात. तेव्हा म्हणे त्यानं बटाट्यांचे ढीग बंदरावर ठेवून त्यांवर पहारा बसवला आणि पहारेकऱ्यांना सांगितलं की कुणी चोरलं तर तिकडे बघू नका. एवढा पहारा आहे म्हणजे माल भारी असणार, असं समजून लोकांनी सगळे बटाटे पळवले. ही दंतकथा असावी, असं तीच म्हणाली. पुढचं मात्र दंतकथा नाही. जुन्या बड्या घराण्यांशी त्याचं बिनसलं आणि १८३१मध्ये नाफ्प्लिओ गावी चर्चच्या दारात त्याला मारून टाकलं.

"आणि तुझं कॉलेज कुणाच्या नावाचं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, कॉलेज शिवाजी महाराजांच्या नावाचं आहे, पण ज्यांनी संस्था काढली ते पंजाबराव देशमुख. ते आमचे पहिले कृषिमंत्री. आणि मग मी थांबलो. माझ्याकडे दुसरं वाक्यच नव्हतं. आणि नंतर तपासलं तर ते पहिलं वाक्यही चुकीचं निघालं. नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात अन्न आणि शेती हे खातं राजेंद्रप्रसादांकडे होतं. त्यांच्यानंतरही एकदोघे झाले. पंजाबरावांकडे शेती आली १९५२च्या पहिल्या निवडणुकीनंतर. म्हणजे शाळेत मिळालेले ते दोन गुण परत करायला हवेत.

*

त्या रात्रीपासून मी वाचत गेलो. आधी जयंतीच्या दिवशी छापतात तसले लेख, मग जे हाती लागेल ते. खरं सांगायचं तर बाबांच्या प्रश्नाचं उत्तर टाळायला मी वाचत होतो. पण वाचताना तोच प्रश्न समोर येत राहिला.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८चा, अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी. घर शेतकऱ्याचं. गावात शिक्षण संपलं की पुढच्या गावी, तिथलं संपलं की त्याच्या पुढच्या गावी, असं करत चांदूर रेल्वे, कारंजा लाड, अमरावती, मग पुण्याचं फर्ग्युसन. १९२०मध्ये ते विलायतेला गेले. एडिंबरोला एम.ए. केलं, बॅरिस्टर झाले आणि ऑक्सफर्डला डॉक्टरेट केली. डॉक्टरेटचा विषय ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. वैदिक वाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास. शेतीशी, कापसाशी, सावकारीशी काहीही संबंध नाही. वऱ्हाडातल्या कुणब्याचं पोरगं ऑक्सफर्डला बसून वेदांवर प्रबंध लिहितं, तेही शंभर वर्षांपूर्वी. पुढे १९३३मध्ये तो प्रबंध ऑक्सफर्डच्याच छापखान्यातून पुस्तक म्हणून आला.

एवढं झाल्यावर माणूस कुठे जाईल? मुंबई हायकोर्टात, नाहीतर एखाद्या कॉलेजात प्राध्यापक म्हणून. हे १९२६मध्ये अमरावतीला परत आले आणि वकिली सुरू केली. पुढच्याच वर्षी अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली. नोव्हेंबर १९२७मध्ये त्यासाठी परिषद भरली, अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर. पंजाबराव या चळवळीत पुढे होते. अंबादेवीला मी दरवर्षी नवरात्रात जायचो. आजीचा हात धरून, राजकमल चौकातल्या गर्दीतून. त्या दारापाशी असं काही झालं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. धर्म कुठून आला यावर डॉक्टरेट मिळवलेला माणूस वर्षभराच्या आत त्याच धर्माच्या दाराशी भांडायला उभा राहिला. त्याच वर्षी त्यांनी लग्न केलं, मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी. आंतरजातीय. आमच्या नात्यात अजूनही असं लग्न झालं की दोन वर्षं एकमेकांकडे जाणं बंद असतं. विमलाबाई पुढे स्वतः संसदेत गेल्या.

मग १९२८मध्ये ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. इथे मला वाटलं होतं की आता भाषणं सुरू होतील. पण त्यांनी कर वाढवला. प्राथमिक शाळांसाठी पैसा हवा होता, म्हणून कर. आणि सार्वजनिक विहिरी सगळ्यांना खुल्या केल्या. निवडून आल्यावर कर वाढवणारा पुढारी मी माझ्या आयुष्यात पाहिलेला नाही.

१९३०मध्ये ते मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या कायदेमंडळात गेले आणि मंत्री झाले. शिक्षण आणि शेती ही दोन्ही खाती त्यांच्याकडे होती. हे मला महत्त्वाचं वाटतं. आज आपण म्हणतो 'शिक रे पोरा, नाहीतर शेती करावी लागेल', म्हणजे शिक्षण ही शेतीतून सुटायची वाट. त्यांच्यासाठी ती एकाच टेबलावरची दोन कामं होती. ते दिवस मंदीचे. कापसाचे भाव पडलेले आणि कर्ज मात्र जुन्या भावानं फेडायचं, त्यामुळे जमिनी सावकारांकडे चालल्या होत्या. १९३३चा कर्जलवादाचा कायदा पंजाबरावांच्या नावाशी जोडला जातो. कल्पना साधी होती. कर्जदार आणि सावकार दोघांना लवाद मंडळासमोर बसवायचं, खरं देणं किती ते ठरवायचं, झेपेल तेवढं कमी करून हप्ते बांधून द्यायचे. यात सावकाराला पैसे मिळतात आणि शेतकऱ्याचं वावर वाचतं.

आणि मधल्या काळात, १९३२मध्ये, शिवाजी शिक्षण संस्था. तिच्याआधीच अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय सुरू झालं होतं, सगळ्या जातींच्या पोरांनी एकत्र राहून शिकावं म्हणून.

छात्रालय हा शब्द वाचला आणि आजोबांची आठवण आली. आजोबा आमच्या घराण्यातले सातवीच्या पुढे गेलेले पहिले. पन्नासच्या दशकात अमरावतीला एका होस्टेलात राहून शिकले. ज्वारीची भाकरी, वरण आणि एका खोलीत सहा जण, असं सांगायचे. मग प्राथमिक शिक्षक झाले. पगारातून पैसे साठवून त्यांनी आमच्या दोन एकराला लागून तीन एकर घेतलं. आज जे पाच एकर विकायचं का म्हणून बाबा विचारतात, त्यातलं तीन एकर शिक्षणातून आलेलं आहे. आजोबा शिकले म्हणून वावर वाढलं. मी शिकलो म्हणून वावर विकायची वेळ आली. हे गणित मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

*

पंजाबरावांचं सगळंच मला पटतं, असं नाही. ते घटना समितीत होते. ऑगस्ट १९४९मध्ये नागरिकत्वाच्या कलमावर चर्चा चालू होती, तेव्हा त्यांनी दुरुस्ती मांडली की दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेल्या कुठल्याही हिंदू किंवा शीख माणसाला, तो जगात कुठेही राहो, भारताचं नागरिकत्व मिळावं. मसुद्यामुळे आपलं नागरिकत्व फार स्वस्त होतंय, असं त्यांचं म्हणणं होतं. समितीनं ते मानलं नाही. मंदिराचं दार उघडायला गेलेला माणूस देशाच्या दाराशी धर्म विचारतो, हे मला आजही जुळवता येत नाही. फाळणीचा ताजा घाव होता, हे समजतं. तरी जुळत नाही. जयंतीच्या लेखांत हा प्रसंग नसतो, म्हणून मुद्दाम लिहिला.

त्याच माणसानं १९५०मध्ये मागासवर्गीयांच्या अखिल भारतीय संघटनेचं अध्यक्षपद घेतलं. १९५२पासून १९६२पर्यंत दिल्लीत नेहरूंच्या सरकारात मंत्री. १९५५मध्ये भारत कृषक समाज काढला, शेतकऱ्यांची देशपातळीवरची संघटना म्हणून. १९५९च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं, ज्याला अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर आले होते. १९६१मध्ये दिल्लीतही शिवाजी कॉलेज काढलं. अमरावतीतून तीनदा लोकसभेवर निवडून आले आणि १० एप्रिल १९६५ला गेले. अकोल्याचं कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९चं. पीकेव्हीमधला 'पी' त्यांनी कधी पाहिलाच नाही.

मी हे सगळं त्या अथेन्सच्या मुलीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे तुमच्याकडे पण शेवटी बटाटाच उरला. मी म्हटलं, हो, तूर.

*

डिसेंबरच्या शेवटी, पंजाबरावांच्या जयंतीच्या सुमारास, अकोल्याला कृषी विद्यापीठाच्या मैदानावर मोठं प्रदर्शन भरतं. मी सुट्टी टाकून गेलो आणि बाबांना सोबत नेलं. म्हणजे खरं तर त्यांनीच मला नेलं. धूळ, लाउडस्पीकर, ट्रॅक्टरचे स्टॉल, बचत गटांच्या पापड-लोणच्यांच्या रांगा. गुडघे गेलेला माणूस तीन तास चालला. तुरीच्या स्टॉलवर त्यांनी तिथल्या साहेबांना धरलं आणि आमच्याकडच्या पाण्याबद्दल विचारू लागले. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात विहीर खणली तर पाणी लागतं, पण खारं. पिकाला दिलं तर जमीनच बिघडते. म्हणून सगळी मदार पावसावर. साहेब शांतपणे उत्तरं देत होते, बाबा डायरीत लिहून घेत होते.

ती डायरी मी पहिल्यांदा नीट पाहिली. दरवर्षीची एक, कृषी केंद्रवाल्यानं फुकट दिलेली. कोणत्या तारखेला किती पाऊस, किती बायका निंदायला, किती पिशव्या खत. अकरा वर्षांच्या डायऱ्या घरी आहेत, असं बाबा म्हणाले. मी डेटावर काम करतो. महिन्याला त्याचा पगार घेतो. आणि माझ्या घरात अकरा वर्षांचा डेटा कपाटावर धूळ खात होता.

त्या रात्री आम्ही दोघं बसलो. मी लॅपटॉपवर शीट उघडली, बाबा डायरीतून वाचत होते. मागच्या हंगामात अडीच एकर पऱ्हाटी होती. नांगरणी, वखरणी, बियाणं, खत, फवारण्या, डवरणी, निंदण, वेचाई, जिनिंगपर्यंतचं भाडं. कापूस पंधरा क्विंटल झाला, भाव सात हजारांच्या आसपास. एक लाख पाच हजार आले. खर्चाचा रकाना पंच्याहत्तर हजारांवर थांबला. राहिले तीस हजार. वर्षाचे.

मी एक रकाना आणखी घातला होता, 'घरची मजुरी'. आई आणि बाबा किती दिवस वावरात होते, ते विचारत होतो. बाबांनी मान हलवली.

"ते नको लिहू."

"काऊन?"

"ते लिवलं त नफाच दिसनार नाई. मंग वावर कायले ठेवलं, याचं उत्तर माह्याजवळ नाई."

मी तो रकाना काढला नाही, रिकामा ठेवला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "माहे एकशे चाळीस दिवस लिह्य. तुह्ये बाबा त मोजतच नाईत." मग मी तेवढे लिहिले. बेरीज वजा झाली. बाबा स्क्रीनकडे बराच वेळ बघत बसले.

त्या रात्री ठरलं ते एवढंच. या वर्षी वावर विकायचं नाही. तीन एकर शेजारच्या काकांना मक्त्यानं द्यायचं. दोन एकरात तूर आणि सोयाबीन, प्रदर्शनातून आणलेलं बियाणं. पेरणीच्या वेळी मी दहा दिवस यायचं, लॅपटॉप घेऊन का होईना. शीट मी सांभाळायची, आईच्या रकान्यासकट. पुढच्या वर्षी परत बसायचं. मी पुणे सोडणार आहे का? नाही. निदान आत्ता तरी नाही, आणि तसं म्हणून मला बाबांना फसवायचं नव्हतं.

झोपायला जाताना आजोबांच्या खोलीत गेलो. ते जाऊन सहा वर्षं झाली, खोली तशीच आहे. भिंतीवर गाडगेबाबा आणि शेजारी भाऊसाहेब. फोटोला जुना हार होता, प्लास्टिकचा. बाबा मागून आले आणि म्हणाले, "तुह्या आज्यानं पह्यल्या पगारात हा फोटो घेतलता."

मला वाटत होतं, पहिल्या पगारात त्यांनी वावरासाठी पैसे बाजूला टाकले असतील.

"वावर मंग घेतलं," बाबा म्हणाले. "पह्यले फोटो."